एका अक्षराचाही बदल न करता

घरात ऑफिस आणायचं नाही हा नियम तिनेच घातला होता, आणि तोही भरल्या ताटावर बसून. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नसेल. ती एका कंपनीत, नवरा दुसऱ्या कंपनीत, आणि दोघांचं काम मात्र एकच: हॉस्पिटलांमधली एकमेकांशी न बोलणारी यंत्रं बोलती करायची. दोघांचंही पोट जावा या संगणकभाषेवर. पण हिच्या कंपनीचा, प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो प्लॅटफॉर्म निराळा, त्याच्या कंपनीचा निराळा, आणि आपलाच खरा असं दोघांनाही छातीठोकपणे वाटायचं. त्या दिवशी वाद असा पेटला की ताटातलं निवून गेलं आणि सासूबाई अर्ध्यावरून उठल्या. हात धुता धुता म्हणाल्या, "मला वाटलं होतं सून आणली. हा तर दुसरा मुलगाच निघाला, पहिल्याइतकाच भांडखोर." तिने तेव्हाच कानाला खडा लावला.

नियम पाळण्यात दोघंही पक्के निघाले. ऑफिस हा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. "बाहेर कसं होतं आज?" "बरं होतं." एवढ्यावर मिटायचं. एकदा त्याला बढती मिळाली ते तिला शेजारणीकडून कळलं, तेव्हा रुसावं की अभिनंदन करावं याचा विचार करत ती जिन्यातच थांबली होती. पण संसार सुखाचा झाला, हे कोणीही कबूल केलं असतं. दोघं मिळून भाजी आणायची, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायची पाळी ठरवून घ्यायची, सुट्टीच्या दिवशी पंखे पुसायची. बोलायला विषय कमी पडलाय असं कधी वाटलं नाही.

मग दोन्ही कंपन्यांचंच लग्न लागलं. मोठीने धाकटीला पदरात घेतलं. मोठी नवऱ्याची, धाकटी हिची. हा सोहळा पार पाडायला वरून एक बाई आल्या. त्यांना दोन्हीकडचे लोक पाठीमागे मध्यस्थबाई म्हणत. बाई वाईट नव्हत्या. शांत बोलायच्या, प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायच्या, आणि मग जे आधीच ठरलेलं असायचं तेच करायच्या. एका घरात दोन चुली नकोत, एवढं वरून ठरून आलं होतं. म्हणजे एक प्लॅटफॉर्म राहणार, एक बंद होणार, आणि राहणार तो मोठीचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्रश्न उरला माणसांचा. हिच्या गटात सहा जण होते आणि सहाही जणांची आजवरची कमाई एका पॅकेजमध्ये मावत होती. त्या पॅकेजमध्ये तीन कॉम्पोनंट, म्हणजे तीन सुटे भाग. पहिला कोश: प्रत्येक हॉस्पिटलची प्रयोगशाळा रक्ताच्या तपासण्यांना आपापली सांकेतिक नावं देते, त्या सगळ्यांचे अर्थ त्यात भरलेले. दुसरा दुभाष्या: यंत्राकडून आलेला रिपोर्ट घ्यायचा, कोशातले अर्थ लावायचे आणि डॉक्टरला कळेल अशा भाषेत तो मांडायचा. तिसरा पोस्टमन: तो रिपोर्ट बरोबर त्या डॉक्टरच्या स्क्रीनवर नेऊन टाकायचा. दुभाष्या तिने लिहिला होता. कोश आजोबांचा.

आजोबा म्हणजे गटातले सर्वांत जुने. त्यांना नातू नव्हता, मूल नव्हतं, इतकंच काय बायकोही नव्हती; केस पांढरे झाले आणि नाव पडलं. हॉस्पिटल-हॉस्पिटल पायाखाली घालून, प्रयोगशाळेतल्या माणसांशी गप्पा मारून, त्यांच्या शिव्या खाऊन त्यांनी तो कोश एकेका शब्दाने वाढवला होता. तिला कामाला लावलं तेही त्यांनीच. गहू निवडावेत तशी ती चुका वेचायची म्हणून त्यांनीच तिचं नाव चिमटा ठेवलं, आणि पुढे सगळं ऑफिस तिला चिमटाच म्हणू लागलं.

मध्यस्थबाईंनी घातलेली अट ऐकायला अगदी सरळ होती. दोन्ही प्लॅटफॉर्म जावाच्या एकाच मानकाप्रमाणे बांधलेले आहेत, असं दोन्ही कंपन्या वर्षानुवर्षं जाहिरातीत छापत आल्या होत्या. मानकाप्रमाणे लिहिलेलं पॅकेज कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकावं. तो ते उचलेल, उलगडेल, आतले कॉम्पोनंट बसवेल आणि सुरू करेल. ठीक आहे, बाई म्हणाल्या, मग करून दाखवा. पॅकेजमध्ये किंवा प्लॅटफॉर्ममध्ये एका अक्षराचाही बदल न करता पॅकेज मोठ्या प्लॅटफॉर्मवर चाललं, तर सहाही जण पॅकेजसकट मोठ्या कंपनीत येतील. नाही चाललं, तर मोठ्या कंपनीचा गट सगळं नव्याने लिहील आणि सहाही जणांना रजा. सहा जण आत आले तर तिकडच्या तितक्याच खुर्च्या हलणार, हे कोणी बोललं नाही. तिकडच्या प्रत्येकाला ते पाठ होतं.

"अगं, यात घाबरायचं काय?" आजोबा म्हणाले. "मानकाप्रमाणे लिहिलंय. इथे बसतं ते तिथे बसलंच पाहिजे. नाहीतर मानक काय पूजेला ठेवायचंय?"

गटातला दुसरा जुना गडी म्हणजे दाढी. दाढी सगळ्यावर संशय घ्यायचा, दाढी करायच्या ब्लेडवरसुद्धा. तो म्हणाला, "आजोबा, पंचच समोरच्या संघातला आहे."

हेही खरं होतं. अटीत आणखी एक कलम होतं: पॅकेज चाचणीच्या आदल्या दिवशी तिकडच्या गटप्रमुखाच्या हवाली करायचं, त्याने ते वाचायचं, आणि त्यात काही अडचण आधीच दिसली तर तसं मध्यस्थबाईंना कळवायचं. कळवलं की दुरुस्तीला मुदत मिळणार होती. दिसूनही कळवली नाही असं निघालं, तर चाचणी रद्द होऊन पुन्हा व्हायची आणि लपवणाऱ्याची नोकरी जायची. कलम चोख होतं. तिकडचा गटप्रमुख तिचा नवरा होता.

"तुम्ही नवरा-बायको," बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. "अवघड नाही ना जाणार?"

"आमच्या घरात ऑफिस येत नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हा थोडा तोराही होता. खोली हसली, नवराही हसला.

सरावासाठी तिच्या गटाला मोठ्या प्लॅटफॉर्मची एक प्रत मिळाली होती. ती त्यांनी कोपऱ्यातल्या एका जुन्यापुराण्या मशीनवर चढवली, कारण दुसरं मशीन द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यावर पॅकेज रोज टाकलं, रोज काढलं. रोज चाललं. रिपोर्ट आले, अर्थ लागले, स्क्रीनवर उमटले. दाढीचाही संशय हळूहळू निवळला. सहा जणांनी मिळून पॅकेजवर शेवटची नजर फिरवली, आणि चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने ते तिकडच्या गटाच्या हवाली केलं.

त्या संध्याकाळी नवरा तिच्याआधी घरी आला होता. हे नवल. आल्या आल्या पाहते तर ओट्यावर भाजी चिरून ठेवलेली. हे त्याहून नवल. जेवताना त्याने सासूबाईंच्या दोन प्रश्नांना उत्तरच दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "याचं लक्ष कुठे आहे? शाळेत प्रगतिपुस्तक लपवायचा तेव्हा असा बसायचा." ती हसली. जेवणं झाल्यावर त्याने तिला उठूच दिलं नाही, भांडी स्वतः घासायला घेतली. ती शेजारी उभी राहून पुसत होती.

"अगं, ऐक ना," तो नळाकडे बघत म्हणाला. "ते तुमचं आजचं..."

"घरात ऑफिस नाही हं," ती म्हणाली, आणि हातातल्या फडक्याने त्याच्या पाठीवर एक फटका दिला.

तो हसला. "नाही," म्हणाला. "बरोबर आहे." आणि पुढचं ताट घासायला घेतलं. तिला वाटलं, शुभेच्छा द्यायच्या असतील बिचाऱ्याला. त्या तिला त्याने न देताच मिळाल्यासारख्या वाटल्या आणि ती छान झोपली.

चाचणी मोठ्या कंपनीच्या बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, भिंतीवर दोन मोठे पडदे. एकावर प्लॅटफॉर्म, दुसऱ्यावर डॉक्टरला दिसते तशी स्क्रीन. टेबलाच्या एका बाजूला हे सहा, समोर ते. टेबलाच्या टोकाला मध्यस्थबाई. चाचणीला जुनेच रिपोर्ट घेतले होते, रुग्णांची नावं बदलून, त्यामुळे कोणाच्या जिवाशी खेळ नव्हता. तिकडच्या एका पोरीने पॅकेज फोल्डरमध्ये टाकलं. प्लॅटफॉर्मने ते उचललं, उलगडलं. कोश, हिरवा. दुभाष्या, हिरवा. पोस्टमन, हिरवा. तिन्ही दिवे एकदमच लागले. आजोबांनी टेबलाखाली तिच्या हातावर टिचकी मारली.

मग दुसऱ्या पडद्यावर रिपोर्ट उमटायला लागले. नावं बरोबर होती, आकडेही बरोबर होते. पण आकड्यांच्या अलीकडे तपासणीचं नाव नव्हतं आणि पलीकडे एकक नव्हतं. एका बाईच्या नावापुढे नुसतं लिहिलेलं: बारा. कशाचे बारा, काही पत्ता नाही. त्याखाली दुसरा रिपोर्ट, तिसरा, सगळे तसेच. आकड्यांमागून आकडे येत राहिले आणि एकाही आकड्याला नाव नव्हतं.

"आपले वाजले," दाढी पुटपुटला. कोणी हसलं नाही.

"दिवे तर हिरवे आहेत," मध्यस्थबाई म्हणाल्या.

हिरव्या दिव्याचा अर्थ इतकाच की कॉम्पोनंट सुरू झाला. तो करतोय ते काम बरोबर आहे का, हे दिव्याला कळत नाही. तिचं डोकं नेहमीप्रमाणे मागे मागे जायला लागलं. अर्थ गायब, म्हणजे दुभाष्याला कोश सापडलेला नाही. पण कोश तर सुरू आहे. मग पॅकेज बदललं गेलं का? नेटवर्कचं जाळं तुटलं का? तिने लॅपटॉप पुढे ओढला.

"जरा बघता का काय झालंय ते?" बाईंनी तिच्या नवऱ्याला सांगितलं. मशीन त्याचं होतं, त्याला हात लावायचा अधिकारही त्याचाच.

तो उठला. पडद्याशेजारच्या कीबोर्डवर वाकला, प्लॅटफॉर्मच्या मांडणीची फाइल उघडली, खाली सरकला आणि एक ओळ लिहिली: कोश तयार झाल्याशिवाय दुभाष्याने सुरू व्हायचं नाही. फाइल बंद केली, पॅकेज पुन्हा सुरू केलं. कोशाचा दिवा आधी लागला, क्षणभराने दुभाष्याचा. पडद्यावर रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन, बारा, एककासकट.

"हं," तो बाईंकडे वळून म्हणाला. "क्रमाचा घोटाळा होता. त्यांच्या पॅकेजमध्ये क्रमाची यादी आहे, आधी कोश, मग दुभाष्या. त्यांचा प्लॅटफॉर्म ती यादी पाळतो. आमचा पाळत नाही, सगळे एकदम सुरू करतो. दुभाष्याने सुरू होताना कोश बघितला, तेव्हा तो अजून रिकामा होता. मानकात क्रमाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत."

सगळं खरं होतं. कोपऱ्यातलं जुनं मशीन एका वेळी एकच काम करू शकायचं, म्हणून तिथे योगायोगाने रोज क्रम लागला. आणि कोशात शब्द सापडला नाही तर आरडाओरडा न करता जागा कोरी सोडायची, हे तिनेच दुभाष्याला शिकवलं होतं, डॉक्टरांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं नकोत म्हणून. चूक तिची होती, याबद्दल तिला शंका नव्हती. पण तिचं मन त्या चुकीवर थांबलंच नाही. ते नवऱ्याच्या हातांवर अडकलं होतं.

कारण त्याने लॉग उघडला नव्हता. प्लॅटफॉर्म आपण काय काय केलं ते ओळीओळीने ज्यात लिहीत असतो, तो लॉग. दोष शोधणारा माणूस आधी तोच उघडतो, खालून वर वाचत जातो, डोकं खाजवतो, एकदा उगाच सगळं बंद करून सुरू करून बघतो, जाळ्याला दोष देतो, शेजारच्याला विचारतो. ती आणि आजोबा असे दिवसचे दिवस बसलेले होते. नवऱ्याने यातलं काहीही केलं नाही. तो सरळ त्या फाइलपाशी गेला, त्या जागेपाशी गेला आणि ती ओळ पाठ असल्यासारखी लिहिली. दोष शोधावा लागतो. माहीत असलेला दोष शोधावा लागत नाही.

त्याला कालच माहीत होतं. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की क्षणभर खोलीतलं दुसरं काही दिसेना. काल दुपारी त्याने पॅकेज उघडलं, यादी बघितली, आणि उद्या काय होणार ते त्याच क्षणी त्याला कळलं. बाईंना एक ओळ कळवायची, की हिच्या गटाला मुदत मिळत होती. त्याने कळवलं नाही. घरी येऊन भाजी चिरली.

आणि आज त्याचा हात इतक्या घाईने का चालला? हेही तिला कळलं, आणि ते कळल्याने मन अधिकच तुटलं. तिचा चेहरा त्याला बघवला नव्हता. ते कोरे रिपोर्ट बघून ती तिथे बसली होती ते त्याला सहन झालं नाही. म्हणून शोधायचं नाटकही न करता तो धावला. जरा थांबला असता, लॉग चाळायचं सोंग केलं असतं, तर तिला आयुष्यात कळलं नसतं.

"म्हणजे बदल केल्यावर चाललं," मध्यस्थबाई म्हणाल्या. "अट बदल न करता चालण्याची होती." त्यांनी समोरचे कागद नीट केले. "आता मला एकच विचारायचंय, आणि हे मला विचारावंच लागेल. ही अडचण इथे कोणाला आधी ठाऊक होती? तुम्ही पॅकेज वाचलं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"नाही," नवरा म्हणाला.

त्याच्या शेजारी बसलेल्यांपैकी कोणीही मान वर केली नाही. ज्या पोरीने पॅकेज टाकलं, ती आपल्या नखांकडे बघत होती. तिच्या पोटात मूल होतं, आता दिसायला लागलं होतं. तिच्या पलीकडच्याने नुकतंच घर घेतल्याचं नवरा एकदा बाजारात सहज बोलून गेला होता, तेवढाच काय तो नियमभंग.

बाई हिच्याकडे वळल्या. "तुमचं काही म्हणणं आहे? असेल तर आत्ता सांगा."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. यांनी लॉग उघडला नाही. लॉग न बघता दोष कसा सापडला ते विचारा. बाई हुशार होत्या, त्यांना तेवढं पुरलं असतं. चाचणी पुन्हा झाली असती. ती अडचण पॅकेजच्या बाजूने कशी सोडवायची हे तिला आताच सुचलं होतं, दुभाष्याला जरा थांबायला शिकवायचं, झालं. सहा खुर्च्या वाचल्या असत्या. आजोबांचा कोश वाचला असता. आणि लपवणाऱ्याची नोकरी, कलमाप्रमाणे, आजच्या आज.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने आजोबांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते, अगदी विश्वासाने, कारण काही चुकलं की ते चिमट्याने पकडायचं असतं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनाही लॉगचं कळायला हवं होतं खरं तर. पण ते पडद्याकडे बघतच नव्हते. पहिला कोरा रिपोर्ट आला तेव्हाच त्यांनी मान फिरवली होती.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की इथे तोंडही तिचंच आणि दाबणारा हातही तिचाच.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. बाईंनी सहाही जणांशी हात मिळवले. परतल्यावर गटातल्या कोणी तिला बोल लावला नाही, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. दाढी फक्त म्हणाला, "भलताच पटकन सापडला हो दोष," आणि खोक्यात आपला मग भरू लागला. आजोबांनी कोशाची एक प्रत मागितली. कंपनीची मालमत्ता आहे, देता येणार नाही, असं कळलं. "हो, ते बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिले. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी प्यायला नाही. जाताना मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला त्या हाताखालून पळून जावंसं वाटलं.

घरी सासूबाई विणत बसल्या होत्या. तिचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही. सुया बाजूला ठेवल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या एवढ्या शहाण्या होत्या. नवरा आला तेव्हा ती स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होती. बाहेर अजून थोडा उजेड होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा काढून घ्यावासा तिला वाटला नाही, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. इतक्या वर्षांची सवय होती ती.

काल रात्रीची ती भांडी तिला आठवत होती. 'ते तुमचं आजचं...' म्हणजे तो सांगायला आला होता. खरंच सांगायला आला होता का? की तिने अडवावं म्हणूनच त्याने अर्धवट सुरुवात केली होती, तिचा नियम पुढे करून सुटायला? यातलं कुठलं खरं ते तिला कधीच कळणार नव्हतं, कारण ते कदाचित त्यालाही माहीत नव्हतं. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. तिला त्याला माफही करायचं होतं. दोन्हींसाठी एकच गोष्ट लागत होती, त्याने एकदा हो म्हणायला हवं होतं. फक्त तिच्याशी. या ओट्यापाशी. हो म्हणाला असता तर ती रडली असती, भांडली असती, कदाचित आठवडाभर अबोला धरला असता, पण दोघांच्या गाठीला काहीतरी खरं राहिलं असतं. त्याच्यासाठी तिने पाच माणसं विकली होती. तेवढं मागायचा तिला हक्क होता.

म्हणून तिने नियम घातल्यापासून पहिल्यांदाच ऑफिस घरात आणलं.

"तुला आधी कळलं होतं का?"

त्याचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता. तो हललासुद्धा नाही.

"नाही गं," तो म्हणाला. आवाज मऊ होता, समजुतीचा, आजारी माणसाशी बोलावं तसा. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी चूक नव्हती. कोणाच्याच लक्षात आलं नसतं."

तिने मान हलवली. त्याला वाटलं तिला पटलं. त्याने दिवा लावला, पाण्याचा पेला भरून तिच्या हातात दिला आणि विचारलं, "काहीतरी हलकंच करू का, खिचडी? मी करतो." मग तो कांदा शोधायला वाकला. तो खरोखरच चांगला माणूस होता, आणि ती त्याच्याबरोबर म्हातारी होणार होती, आणि यापुढे तो जे जे मऊपणाने बोलेल त्यातलं काहीही तिला खरं वाटणार नव्हतं. रडू आलं नाही. रडायलासुद्धा कोणाच्या तरी जवळ असावं लागतं.

तेवढ्यात फोन वाजला. आजोबांचा होता.

"चिमटे, जेवलीस का?" ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "अगं, दाढीने डोकं खाल्लंय माझं. म्हणतो, त्यांना आधीच ठाऊक होतं, लॉग न उघडता सापडलाच कसा. मी म्हटलं, अरे, एवढं कशाला तर्क लढवतोस, मी तिलाच विचारतो. ती होती तिथे, ती सगळं बघते. ती मला खोटं सांगायची नाही."

नवरा पाठमोरा कांदा सोलत होता. फोनमधला आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू जात असणार. सोलायचा आवाज थांबला होता.

"नाही हो, आजोबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, इतका मऊ आणि समजुतीचा लागला होता. "कोणाला ठाऊक नव्हतं. कोणाच्याच लक्षात आलं नसतं."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला.

"बरं झालं बाई, विचारलं ते," आजोबा म्हणाले. "हरलो त्याचं काही नाही गं, हरतो माणूस. कोणी फसवलं असतं तर मात्र या वयात सोसलं नसतं. आता झोप लागेल मला."

तिने फोन ओट्यावर ठेवला. नवऱ्याने वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि ती ताटं घ्यायला वळली.